७८ अंश उत्तरेला, कडक भाकरीसकट

मंगळवेढ्याहून निघताना बाबांनी विचारलं, "तिथं पिकतं काय?"

"काहीच नाही. झाडसुद्धा नाही."

"मग बघायचं काय?"

उत्तर देता आलं नाही, पाया पडले आणि निघाले. स्वालबारचं वेड मला शाळेतल्या नकाशापासूनचं. नॉर्वेच्याही वर, उत्तर ध्रुवापासून साधारण १,३०० किलोमीटरवर असलेली ती बेटं नकाशाच्या कडेला कशीबशी मावलेली असायची. पतसंस्थेतल्या पगारातून चार वर्षं पैसे बाजूला टाकले. मग धाकट्या मावसभावाला ट्रॉम्सोच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि नॉर्वेत राहायची फुकट सोय झाली. तो म्हणाला, "ताई, आता नाही आलीस तर कधीच येणार नाहीस." जुलै २०२५ मधले पाच दिवस आम्ही दोघं लाँगयरब्येन या स्वालबारच्या मुख्य गावात राहिलो. कमी पैशात जाणाऱ्यांना उपयोगी पडेल ते मध्ये मध्ये लिहीत जाते.

सगळ्यात आधी व्हिसाचं सांगते. स्वालबारला जायला वेगळा व्हिसा लागत नाही. ९ फेब्रुवारी १९२० ला पॅरिसमध्ये झालेल्या करारानं ही बेटं नॉर्वेची झाली, पण करारातल्या सगळ्या देशांच्या लोकांना तिथं सारख्याच हक्कानं राहता आणि कामधंदा करता येतो. मूळ सह्या करणाऱ्यांत तेव्हाच्या हिंदुस्थानचंही नाव आहे. मात्र स्वालबार शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे, आणि तिथं पोचायची वाट नॉर्वेतून, म्हणजे शेंगेनमधूनच जाते. नॉर्वेतून स्वालबारला गेलात की तुम्ही शेंगेन सोडलंत, परतताना पुन्हा प्रवेश करावा लागतो. म्हणून व्हिसा किमान दोनदा प्रवेशाचा हवा. एकदाच प्रवेशाचा असला तर परतताना अडकाल.

१४ जुलै, सोमवार

सकाळचं विमान धुक्यानं दुपारवर गेलं. उन्हाळ्यात तिकडं असं होतंच, तेव्हा पोचल्या दिवशीची कुठलीच सहल आधी पैसे भरून ठरवू नका. ट्रॉम्सोहून दीड-पावणेदोन तासांचा प्रवास. शेवटच्या वीस मिनिटांत ढग फाटले आणि खाली तपकिरी, सपाट माथ्यांचे डोंगर दिसले. त्यांच्या घळींमधून हिमनद्या खाली उतरलेल्या. हिरवा रंग शोधूनही सापडेना.

उतरल्यावर भाऊ विमानतळाबाहेरच्या पाटीकडं पळाला. काळा त्रिकोण, त्यात पांढरं अस्वल आणि खाली नॉर्वेजियनमध्ये 'संपूर्ण स्वालबारला लागू'. मी आत पट्ट्यावर सामान फिरताना बघत उभी होते. त्याची सॅक आली, माझी आली नाही. जाड स्वेटर, पावसाची पॅन्ट, थर्मल आणि आईनं दिलेला कडक भाकरीचा डबा, सगळं तिच्यात. काउंटरवरच्या मुलीनं शांतपणे फॉर्म भरून घेतला. "उद्याच्या विमानानं येईल, बहुतेक," ती म्हणाली. त्या 'बहुतेक'नं पोटात गोळा आला. बाहेर सात अंश तापमान आणि अंगात पातळ जाकीट. तेव्हापासून माझा नियम एकच: एक गरम जोड, टोपी आणि हातमोजे नेहमी हातातल्या पिशवीत.

विमानाच्या वेळेला धरून गावाची बस उभी असते. आमची खोली नीब्येनमध्ये, म्हणजे दरीच्या वरच्या टोकाला, दुसऱ्या महायुद्धानंतर खाणकामगारांसाठी बांधलेल्या बराकींपैकी एकीत. गावातली राहायची स्वस्त ठिकाणं इकडंच आहेत. दुकानापासून चढाची अर्ध्या तासाची चाल, पण प्रत्येक वेळी ती चालताना दोन्ही अंगांचे डोंगर बघायला मिळतात, मला तरी ती जड वाटली नाही.

दारात पहिलं वाक्य ऐकलं, "बूट इथं काढा." कोळशाची काळी धूळ घरात येऊ नये म्हणून खाणकामगार बूट बाहेर काढायचे. ती रीत अजून पाळतात, बऱ्याच हॉटेलांत आणि संग्रहालयातही. ओळीनं लावलेले बूट बघून मला आमच्या ओसरीची आठवण झाली. जाड मोजे किंवा घरात घालायच्या सपाता नक्की न्या.

बराकीत साफसफाई बघणारी एक थाई बाई होती, साधारण माझ्या मोठ्या मावशीच्या वयाची. सामान आलं नाही हे कळताच तिनं कोपऱ्यातली एक पेटी ओढली. आधीच्या पाहुण्यांनी मागं ठेवलेल्या वस्तू तिच्यात होत्या. लोकरी टोपी, जोड नसलेले दोन हातमोजे, एक मोठा निळा स्वेटर. "घे. जाताना परत ठेव." थायलंड आणि फिलिपिन्सहून आलेली पुष्कळ माणसं इथं राहतात. अडीच हजारांच्या वस्तीत पन्नासेक देशांचे लोक आहेत, ते त्या १९२० च्या करारामुळेच. ती मात्र म्हणाली, "येऊ देतात सगळ्यांना, सांभाळत कुणाला नाहीत." म्हणजे काम आणि घर आपलं आपण बघायचं. पोट भरता आलं नाही तर राज्यपालाचं कार्यालय परत पाठवू शकतं.

रात्री साडेअकराला ऊन तिरपं होऊन खिडकीतून थेट उशीवर आलं. इथं साधारण २० एप्रिल ते २३ ऑगस्ट सूर्य मावळतच नाही. डोळ्यांवर बांधायची पट्टी न्याच. मी ओढणी बांधून झोपले.

१५ जुलै, मंगळवार

दिवस गावात फिरण्याचा. आधी दुकानात जाऊन ओट्स, पाव, अंडी, गाजरं घेतली. भाज्या महाग. बाहेरच्या एका साध्या जेवणाच्या पैशात आमचा दोन दिवसांचा बाजार झाला. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली विकत घेऊ नका. रोख पैसे लागत नाहीत, कार्ड सगळीकडं चालतं. दुकानाच्या दारावर बंदूक आत न आणण्याची पाटी आहे. इथं ती गरजेची सूचना आहे, कारण वस्ती सोडून बाहेर पडणारे खांद्याला रायफल लावूनच निघतात.

घरं खांबांवर उभी. खालची जमीन बारमाही गोठलेली, घराच्या उबेनं ती वितळली तर घर खचेल. पाण्याचे आणि घरं गरम ठेवणारे नळही जमिनीवरूनच नेलेत. उतारावर जुन्या रोपवेचे लाकडी मनोरे अजून उभे आहेत, याच रोपवेनं कोळशाच्या बादल्या बंदराकडं जायच्या. अमेरिकन उद्योजक जॉन मन्रो लाँगयर यानं १९०६ मध्ये खाणीसाठी हे गाव वसवलं. आम्ही पोचण्याच्या दोनच आठवडे आधी, ३० जूनला, सात नंबरची खाण बंद झाली. नॉर्वेची इथली ती शेवटची कोळशाची खाण. वीजघर तर २०२३ मध्येच कोळशावरून डिझेलवर गेलं होतं.

दुपारी चर्चमध्ये गेलो. दार दिवसरात्र उघडं असतं. १९४३ मध्ये जर्मन नौदलाच्या हल्ल्यात जुनं चर्च जळालं, हे १९५८ चं. आत शेकोटीची बैठक, पेंढा भरलेलं अस्वल, कॉफीचं भांडं. कॉफी आपली आपण ओतून घ्यायची. कोपऱ्यात एक वयस्क गृहस्थ विणलेली टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते. तीस वर्षं खाणीत काढली, म्हणाले. मी शेवटच्या खाणीचा विषय काढला. ते थोडा वेळ शेकोटीकडं बघत राहिले. "बरोबरच झालं. हवेसाठी बरोबर झालं. पण ३० तारखेला मी घराबाहेर पडलो नाही." मी पुढं काही विचारलं नाही. त्यांनी माझ्या कपात आणखी कॉफी ओतली.

चर्चच्या वरच्या उतारावर जुनी दफनभूमी आहे. पांढरे लाकडी क्रूस, खाली कापूसगवताचे पांढरे गोंडे. ऑक्टोबर १९१८ मध्ये मुख्य भूमीवरून कामाला आलेले सात तरुण इन्फ्लुएन्झानं गेले, ते इथं आहेत. गोठलेल्या जमिनीत तो विषाणू टिकला असेल म्हणून १९९८ मध्ये शास्त्रज्ञांनी इथं खणलंही होतं, पण शवपेट्या फार उथळ निघाल्या, दर उन्हाळ्यात वितळणाऱ्या थरात. 'स्वालबारमध्ये मरायला बंदी आहे' असं जे सगळीकडं ऐकायला मिळतं ते खरं नाही. जमीन गोठते-वितळते तशा पेट्या वर ढकलल्या जातात म्हणून पेटीत पुरणं १९५० पासून बंद आहे, एवढंच.

१९१८ वाचून माझे पाय तिथंच थांबले. आजीच्या सासूबाई लहान असताना त्यांचे दोन भाऊ एका आठवड्यात गेले, 'मानमोडीत गेले' असं आजी सांगायची. तीच साथ, तेच वर्ष. माणदेशाच्या कडेला आमच्या शिवारात ज्यानं घरं रिकामी केली, त्यानंच या टोकाच्या डोंगरावर सात पोरं गाठली होती. आजीच्या सासूबाईंच्या भावांना ना क्रूस ना दगड. भाऊ म्हणाला, "ताई, नावं तरी ठाऊक आहेत का आपल्याला?" नव्हती. मी उकिडवी बसून त्या सातांची नावं वाचली.

संध्याकाळी सॅक आली. डबा उघडला, चार भाकऱ्या मोडल्या होत्या, बाकी शाबूत.

१६ जुलै, बुधवार

पैसे खर्च करायचे ते एकाच गोष्टीवर, असं आधीच ठरलं होतं. बोटीच्या सहली आमच्या ऐपतीबाहेरच्या. आम्ही गाइडबरोबर चालत सार्कोफागेन डोंगरावर जायचं निवडलं. उंची ५१२ मीटर, पण वाट सगळी सुट्या दगडांची. गाइडशिवाय वस्तीबाहेर पाऊल टाकू नका. गावाच्या नकाशावर कुठवर मोकळं फिरायचं ते आखून दिलेलं आहे, आणि ऑगस्ट २०२० मध्ये विमानतळाजवळच्या तंबूंच्या जागेत अस्वलानं एका माणसाचा जीव घेतलाय. 'इथं माणसांपेक्षा अस्वलं जास्त' हे वाक्य सगळेच सांगतात. तीनेक हजारांचा तो आकडा रशियापर्यंतच्या साऱ्या बॅरेंट्स समुद्राच्या टापूचा आहे. स्वालबारवर कायम राहणारी त्याच्या फार तर दहाव्या हिश्श्याएवढी.

आमची गाइड पंचविशीची मुलगी, खांद्याला रायफल, कमरेला अस्वलाला घाबरवायचं आवाजाचं पिस्तूल. निघण्याआधी ती म्हणाली, "अस्वल दिसलं तर आजची सहल तिथंच संपली. आपण मागं फिरायचं. रायफल चालवावी लागली तर चूक माझी, अस्वलाची नाही." अस्वलांच्या शिकारीवर १९७३ पासून बंदी आहे. तिच्या बोलण्यात धाक नव्हता, माया होती.

चढताना लार्सब्रेन हिमनदीची कड धरली. दगडांच्या ढिगाऱ्यावर चालतोय असं वाटत होतं, तर तिनं काठीनं चार दगड सरकवले आणि खाली काळसर बर्फ चमकला. त्या ढिगाऱ्याच्या पोटात बर्फ आहे. पुढं तिनं सगळ्यांना गुडघ्यांवर बसवलं. बोटाच्या पेराएवढी, जमिनीला चिकटलेली पानं. "हे इथलं झाड." ध्रुवीय विलो. बाबांना 'झाडसुद्धा नाही' असं सांगितलं होतं, ते चुकलं होतं.

माथ्यावर वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी काढलं. दोन्ही बाजूंना दोन हिमनद्या, मधल्या दरीत खेळण्यासारखं गाव. ओट्याएवढ्या खडकाच्या आडोशाला बसून शेंगाचटणी-भाकरी काढली. कडक भाकरी तोंडात धरून ठेवली तरच मऊ होते, गार वाऱ्यात तर आणखी वेळ लागतो. गाइडला तुकडा दिला. तिनं विचारलं कशाची, मी म्हटलं ज्वारीची. "ते कसं दिसतं?" पुरुषभर उंच ताट आणि वरचं भरलेलं कणीस मी हातांनी दाखवलं.

उतरताना लाँगयरब्रेन या दुसऱ्या हिमनदीच्या बर्फावरून आलो, बुटांना काटे लावून. पायथ्याच्या दगडांत तिनं आम्हाला शोधायला लावलं. पंधरा मिनिटांनी भाऊ ओरडला. तळहाताएवढ्या दगडावर रुंद पानाचा ठसा, शिरा न् शिरा मोजून घ्यावी असा. साधारण ५ ते ६ कोटी वर्षांपूर्वी इथं दाट पानझडी जंगल होतं. अशाच जंगलांचा कोळसा झाला आणि त्या कोळशासाठी हे गाव. मी ते पान बराच वेळ हातात धरलं, मग फोटो काढून होतं तिथं ठेवलं. माणसानं मागं ठेवलेल्या वस्तूंनाही तर इथं हात लावायचा नसतो. १९४६ च्या आधीचा गंजका खिळासुद्धा कायद्यानं संरक्षित आहे.

१७ जुलै, गुरुवार

आजच्या दिवसासाठी मी मंगळवेढ्याहून आले होते, असं म्हटलं तरी चालेल.

जगभरच्या पिकांचं बियाणं जपून ठेवणारी बियाण्यांची तिजोरी विमानतळाच्या वरच्या डोंगरात आहे. बराकीतल्या दोन पोलिश मुलींबरोबर टॅक्सी केली, भाडं चौघांत वाटलं. आत कुणालाच सोडत नाहीत, बघायचा तो फक्त दरवाजा. डोंगरातून पाचर बाहेर आल्यासारखी काँक्रीटची उंच, अरुंद भिंत, माथ्यावर काचा आणि आरसे. २६ फेब्रुवारी २००८ ला ती सुरू झाली. आत शंभराहून जास्त मीटर बोगदा, मग उणे १८ अंशांवर ठेवलेली दालनं आणि त्यांत १३ लाखांहून जास्त वाणांचे नमुने. वीज गेली तरी भोवतीचा गोठलेला डोंगर ते थंड ठेवतो. २०१६ मध्ये अवेळी पाऊस झाला आणि बोगद्याच्या तोंडाशी पाणी शिरलं. बियाण्यापर्यंत ते गेलं नाही, पण नंतर प्रवेशाचा बोगदा नव्यानं बांधून घ्यावा लागला.

पोलिश मुली पाच मिनिटांत फोटो काढून गाडीत जाऊन बसल्या. मला हलवेना. हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या इक्रिसॅट या पीक-संशोधन संस्थेनं आपल्याकडची ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग यांचे नमुने इथं ठेवलेत. आमच्या घरी आजी बियाण्याची ज्वारी राख आणि कडुनिंबाचा पाला घालून कणगीत ठेवायची. १९७२ च्या दुष्काळात घरात खायला नव्हतं, तरी त्या कणगीला तिनं हात लावू दिला नाही, हे बाबा अजून सांगतात. ही तिजोरी मला त्याच जातीची वाटली. पेट्या ज्याच्या त्याच्या मालकीच्या, ज्यानं ठेवल्या त्याच्याशिवाय कुणी उघडायच्या नाहीत. आणि उपयोग नुसता पुढच्या संकटाला नाही. सीरियातल्या युद्धामुळं अलेप्पोजवळच्या बियाणे-केंद्रातलं काम अडलं तेव्हा २०१५ मध्ये त्यांनी इथून आपल्या पेट्या मागवल्या, लेबनॉन आणि मोरोक्कोत ते बियाणं पेरून वाढवलं आणि पुढं त्यातलं परत आणून ठेवलं.

तिथूनच बाबांना फोन लावला. इथं मोबाइल चांगला चालतो. दरवाजा दाखवला. त्यांनी खूप वेळ बघितलं.

"आत आपली ज्वारी हाय म्हणतीस?"

"हो, बाबा."

"कोण राखतं?"

"नॉर्वेवाले. भाडं घेत नाहीत."

"मग त्यांना आपला नमस्कार सांग."

तिथं सांगायला कुणी नव्हतं. डब्यातली भाकरी काढून आम्ही दोघांनी दरवाजासमोर उभं राहून खाल्ली.

१८ जुलै, शुक्रवार

निघायचं विमान मध्यरात्रीनंतरचं, म्हणजे दिवस हाताशी. अडव्हेंटडालेन दरीच्या रस्त्यानं अस्वलाच्या दुसऱ्या पाटीपर्यंत चालत गेलो आणि तिथून मागं फिरलो. वाटेत कुत्र्यांच्या आवाराशेजारी आयडर बदकं पिल्लं घेऊन निवांत बसलेली. कुत्री बांधलेली असतात आणि त्यांच्या भीतीनं कोल्हा फिरकत नाही, म्हणून बदकं मुद्दाम तिथं घरटी करतात. रस्त्यालगत आखूड पायांचं रेनडिअर चरत होतं, आमच्याकडं मान वर करूनही न बघता.

आर्क्टिक टर्न पक्ष्यांपासून मात्र जपा. घरट्याजवळ गेलात की डोक्यावर चोच मारतात. ते सर्वांत उंच भागावर झेपावतात, तेव्हा काठी किंवा हात डोक्यापेक्षा वर धरायचा आणि हळूहळू बाजूला व्हायचं. एवढासा जीव दरवर्षी दक्षिण ध्रुवाकडं जाऊन परत येतो. त्याच्या रस्त्यात आपण आलो तर बाजूला आपणच व्हावं.

रात्री अकराला सामान बांधून बंदराजवळच्या किनाऱ्यावर बसलो. ऊन पाण्यावर सपाट पसरलं होतं. भाऊ म्हणाला, "ताई, लाटा बघ, पांढऱ्या." वारा नव्हता. लाटा नव्हत्याच त्या. बेलुगा देवमासे होते, किनाऱ्याला लागून, दगड टाकला तर पोचेल एवढ्या अंतरावर. पांढऱ्या पाठी वर यायच्या, फुस्स करून श्वास सोडायच्या आणि बुडायच्या. मध्ये मध्ये राखाडी, लहान पाठी, ती पिल्लं. आम्ही वीस मोजले, मग मोजणं सोडलं. बंदरावरचा एक कामगार हातातली दोरी तशीच धरून उभा राहिला. त्यानं हे शंभरदा बघितलं असणार. शेवटची पाठ दिसेनाशी झाली तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. तिघांपैकी कुणी फोन बाहेर काढला नव्हता.

बराकीत परतून स्वेटर आणि टोपी पेटीत ठेवली, माझे जादा लोकरी मोजेही ठेवले. थाई मावशींना उरलेली शेंगाचटणी आणि चार भाकऱ्या दिल्या. त्यांनी चिमूट तोंडात टाकली, डोळे मिटले आणि फडताळातून लाल मिरचीच्या ठेच्याची एक छोटी बरणी काढून माझ्या हातात ठेवली. बरणी मोठ्या सॅकमध्ये कपड्यांत गुंडाळून टाकली. या वेळी सॅक माझ्याबरोबरच पोचली.

तो ठेचा मंगळवेढ्यात पंधरा दिवस पुरला. बरणीत आता आईची मोहरी आहे.